नेब्रास्कात अडकलेली चौथी

“मामा, तुझ्या शीटमध्ये मायनस टाकता येतं का?”

मार्चमधला पहिला रविवार, सकाळचे साडेसात. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते आणि भाचीला झोपण्याआधी अर्धा तास फोन मिळतो. मी अर्धवट झोपेत होतो. कुठली शीट आणि कसला मायनस, हे कळायलाच मिनिटभर गेलं. मग म्हटलं, नाही येत, मीच बंद करून ठेवलंय ते.

पलीकडून काहीच आवाज नाही. भाची नऊ वर्षांची आहे आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही, त्यामुळे मी उठून बसलो.

आधीपासून सांगतो. तिच्या चौथीच्या वर्गानं ऑक्टोबरात अमेरिका चालत ओलांडायला घेतली. खरोखर नाही, नकाशावर. बावीस मुलांनी रोज चालायचं, पळायचं, झालेलं अंतर लिहायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि भिंतीवरच्या नकाशावर एक कागदी बूट तेवढा पुढे सरकवायचा. अमेरिकेतल्या शाळांमध्ये हा प्रकार बराच चालतो. व्यायामाचा व्यायाम, भूगोलाचा भूगोल, वर दशांश अपूर्णांकांची बेरीज. त्यांच्या बाईंनी इंटरस्टेट ८० हा महामार्ग निवडला, कारण तो न्यू जर्सीतल्याच टीनेकपासून सुरू होतो आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन संपतो. अंतर साधारण २९०० मैल, वाटेत अकरा राज्यं. वाटून घेतलं तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला १३२ मैल येतात. नऊ वर्षांच्या पोरांसाठी हे काही फार नाही, आणि अगदीच थोडंही नाही.

हिशेब ठेवायला बाईंना एक शीट हवी होती. ताईनं लगेच “माझा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे” असं सांगून टाकलं. परदेशात राहणाऱ्या बहिणीला आपल्या नोकरीबद्दल जेवढा आदर असतो तेवढा आपल्या मॅनेजरला कधीच नसतो. मी एका शनिवारी बसून शीट केली.

करतानाच पहिली अडचण आली. मैल म्हणजे काय? सगळ्यांच्या घरी अंतर मोजायची सोय नाही. काहींकडे पावलं मोजणारं घड्याळ आहे, काहींकडे आईचा फोन. त्यामुळे बाईंनी दोन हजार पावलं म्हणजे एक मैल असं ठरवलं. पोहायला किंवा नाचाच्या क्लासला जाणाऱ्यांसाठी वीस मिनिटं म्हणजे एक मैल. वर्गातला एक मुलगा व्हीलचेअर वापरतो, त्यालाही वीस मिनिटांचाच नियम. मला हे फार आवडलं. मैल हे अंतर उरलंच नव्हतं, ते वर्गात चालणारं एक नाणं झालं होतं आणि प्रत्येकाला ते कमवायची आपापली वाट होती. अमेरिकन शाळांमध्ये वर्षानुवर्षं मुलांना मैलभर पळवून प्रत्येकाची वेळ लिहून घेत. त्यात शेवटी येणारा मुलगा सगळ्यांसमोर शेवटी येतो. इथं शेवटी येणाऱ्याचा मैलही तितकाच लांब. क्रमवारी काढली की पोरं एकमेकांपासून सुटी होतात, बेरीज केली की एकत्र येतात, हे मला शीटमधली दोन फंक्शनं वापरताना इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बेरजेत कोण किती खरं लिहितोय हे दिसतच नाही. शर्यतीत खोटं बोललं तर दुसरा नंबर आलेला ओरडतो. इथं ओरडणार कोण? म्हणून मी कुलपं लावली. उणे आकडे चालणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी आठवडा बंद, मग कुणालाही मागे जाऊन बदल करता येणार नाही. आणि दिवसाला पाच मैलांपेक्षा जास्त कुणी लिहिले तर तो रकाना लाल.

पहिल्याच महिन्यात एका मुलाचे रकाने लाल व्हायला लागले. साडेपाच, सहा, पुन्हा साडेपाच. मला वाटलं, सापडला. बाईंनी ताईला निरोप पाठवला की लाल रंग काढता येईल का, कारण त्या मुलाच्या घरी गाडी नाही. तो शाळेत चालत येतो, आईबरोबर दुकानात चालत जातो, कपडे धुवायला लाँड्रीत चालत जातो. अमेरिकेच्या उपनगरात गाडी नसणं काय असतं हे तिथं आठवडाभर राहिलेल्या माणसालाही कळतं. सगळ्या वर्गात जो खरोखर सगळ्यात जास्त चालत होता, त्यालाच माझ्या शीटनं संशयित ठरवलं होतं. मी लाल रंग काढला. माफी कुणाकडे मागायची हे कळलं नाही, म्हणून मागितली नाही.

आता हा संशय माझ्या डोक्यात आला कुठून, तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात ‘स्टेप चॅलेंज’ झालं होतं. सगळ्यांच्या मनगटाला पट्टा, रोज दहा हजार पावलं. (हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली ‘मानपो-केइ’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. तिथून तो जगभर पसरला.) पट्ट्याला चालणं कळत नाही. त्याच्यातल्या सेन्सरला फक्त ठरावीक लयीत बसणारे हिसके कळतात. त्यामुळे सोफ्यावर मॅच बघत मनगट हलवलं तरी तो खूश असतो. एका सहकाऱ्यानं पट्टा मुलीच्या पाळण्याला बांधला होता. मी मनगट हलवत तिसरा आलो आणि बुटांचं कूपन मिळवलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळेच करत होते, कंपनीचं काही जात नव्हतं, आणि मुळात ते चॅलेंजच फालतू होतं. अजूनही या तीन कारणांतलं एकही मला साफ चूक वाटत नाही, हीच अडचण आहे.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, दुसऱ्या भागात, ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य घेतो. ग्लॉकनचं म्हणणं असं, की अशी अंगठी मिळाली तर चांगला माणूस आणि वाईट माणूस यांच्या वागण्यात फरक उरणार नाही. आपण सरळ वागतो ते फक्त कुणीतरी बघतंय म्हणून. कॉलेजात हे वाचताना मला तो मेंढपाळ फार लांबचा वाटला होता. खरं तर ज्या वर्गात मुलं स्वतःचे मैल स्वतः लिहितात आणि कुणी तपासत नाही, तिथं बाईंनी बावीस अंगठ्या वाटलेल्या असतात.

नाताळच्या सुट्टीपर्यंत वर्ग ओमाहाला, म्हणजे नेब्रास्काच्या दारात पोचला. इंटरस्टेट ८० नेब्रास्कातून ४५५ मैल जातो आणि त्यातला बराचसा भाग सपाट आहे. त्याच वेळी न्यू जर्सीत बर्फ सुरू झालं. मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडणं बंद. आठवड्याची बेरीज शंभराच्या वर जायची ती पन्नासवर आली. साडेचार आठवड्यांत संपायला हवं होतं ते राज्य नऊ आठवडे संपेना. रोज सकाळी वर्गात आलं की बूट तिथंच, मक्याच्या शेतात. फेब्रुवारी संपता संपता सगळ्यांना त्या राज्याचा वीट आला. बाईंनी जाहीर केलं, वायोमिंगची हद्द ओलांडली की वर्गात हॉट चॉकलेट.

त्या आठवड्यात बुधवारी बर्फामुळे शाळा बंद होती. भाची घरीच. तिनं हिशेब केला की शुक्रवारी हद्द ओलांडायची तर प्रत्येकानं थोडं जास्त आणायला हवं. मग ती आजीकडे गेली.

आई, म्हणजे तिची आजी, सहा महिन्यांसाठी ताईकडे गेली आहे. तिला शुगर आहे, गुडघे दुखतात आणि बाहेर निसरडं. म्हणून ती घरातल्या घरात फेऱ्या मारते: स्वयंपाकघर, जेवणाची खोली, हॉल, परत स्वयंपाकघर. एक फेरी साधारण वीस मीटरची, म्हणजे मैलाला ऐंशी. ताईनं तिला घड्याळ दिलं होतं, ते तिनं ड्रॉवरमध्ये ठेवलं. ती राजम्यानं मोजते. ओट्यावर दोन वाट्या, एका फेरीला एक दाणा इकडचा तिकडे. मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, मध्येच दारावर कुणी आलं आणि फेरी अर्धी राहिली तर ती दाणा टाकत नाही, पुन्हा पहिल्यापासून फेरी घेते. कुणी बघत नसतं. बघितलं तरी कुणाला काय कळणार?

भाचीनं विचारलं, आजी, तुझे आजचे मैल मी लिहू? आजी म्हणाली, “छे, माझे कशाला? माझे मला लागतात.” डॉक्टरांना वहीत लिहून दाखवायचे असतात ना. तिच्यासाठी मुद्दा तिथंच संपला. मला मात्र तो अजून पुरता उलगडलेला नाही. आपण पैसे उसने देतो, साखर देतो, नोट्स देतो. चाललेलं अंतर का देता येत नाही?

आजीकडून काही मिळालं नाही तेव्हा भाचीनं स्वतःच्या रकान्यात तीन मैल लिहिले. चालली नव्हती. दिवसभर सोफ्यावर पांघरूण घेऊन पुस्तक वाचत होती. शुक्रवारी बेरीज झाली आणि वर्गानं हद्द ओलांडली, दोन मैल पुढे. बूट पाइन ब्लफ्स नावाच्या गावापाशी चिकटवला. हॉट चॉकलेट झालं. फोटो ताईनं फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यात भाचीचा चेहरा नीट दिसत नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दोन मैल पुढे आणि तीन मैल खोटे. म्हणजे वर्ग नेब्रास्कातच होता, हद्दीच्या एक मैल अलीकडे. म्हणून तिला मायनस हवा होता.

मी तिची समजूत काढायला लागलो आणि त्यासाठी मला जे येतं ते वापरलं. म्हटलं, हे बघ, दोन हजार पावलांचा मैल हा मोठ्या माणसांचा हिशेब आहे. तुमचं पाऊल लहान. साठ सेंटिमीटर धरलं तरी मैलाला २६८० पावलं लागतात. याचा अर्थ, ज्यांनी पावलं मोजून लिहिलं त्यांचा प्रत्येक मैल पाऊण मैलाचाच आहे. पोहणाऱ्यांचा तर काहीच्या काही. खरं मोजलं तर तुमचा वर्ग वायोमिंगच्या जवळपासही नाही, कदाचित आयोवातून बाहेरही पडला नसेल. शेकडो मैलांची चूक आहे त्या आकड्यात. त्यात तुझे तीन कुठं बसतात?

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण ते कुणाला माहीत नव्हतं. हे मला माहीत होतं.”

मी रोज ज्या कामाचे पैसे घेतो त्यात अर्धा वेळ आकडे चुकीचे आहेत का हे बघण्यात जातो. चुकीचा आकडा ही आमच्याकडे सरसकट एकच वस्तू असते: अपेक्षित एक, आला दुसरा, फरक इतका. तो फरक का पडला, मोजपट्टी आखूड होती की मोजणाऱ्यानं डोळे मिटले, याला शीटमध्ये रकाना नाही. भाचीच्या वर्गाचा आकडा पहिल्या दिवसापासून चुकीचा होता आणि तरी बुधवारपर्यंत तो खरा होता. बावीस जणांनी ठरवलेल्या नियमानं, जमेल तसं मोजून, तो उभा राहिला होता. बुधवारी त्यात तीनच मैल पडले, पण ते वेगळ्या जातीचे होते.

तरी माझा वकील गप्प बसत नाही. यात नुकसान कुणाचं झालं? १९८० च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ महिलांमध्ये पहिली आली. ती शेवटच्या मैलाभराच्या आसपास गर्दीतून रस्त्यावर घुसली होती. तिथं नुकसान कुणाचं ते बोट दाखवून सांगता येतं: कॅनडाच्या जॅकलिन गारोचं. जिंकून शेवटची रेषा ओलांडण्याचा तिचा क्षण गेला, नंतर पदक मिळालं तरी तो क्षण परत येत नाही. भाचीच्या गोष्टीत गारो नाहीच. उलट बावीस जणांना चॉकलेट मिळालं.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्सनं १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं खेळाबद्दलचं म्हणणं साधारण असं: खेळ म्हणजे नसलेले अडथळे आपणहून अंगावर घेणं. गोल्फचा चेंडू हातानं नेऊन खड्ड्यात टाकणं सोपं आहे, पण मग तुम्ही गोल्फ खेळतच नाही. हे मला पटतं, आणि चौथीच्या वर्गाला तर ते जास्तच कडक लागू होतं. गोल्फमध्ये निदान चेंडू खड्ड्यात जातो. रुईझच्या गळ्यात काही दिवस का होईना, धातूचं पदक होतं. इथं कुणीच कुठं जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्यावर समुद्र दिसणार नाही, भिंतीचा डावा कोपरा येणार. या प्रवासात खरी गोष्ट एकच आहे, कुणीतरी पाय हलवले होते ही. ती काढली की हातात कागदी बूट उरतो. मग भाचीनं चोरलं काय? मला वाटतं, वर्गातल्या बाकीच्या मुलांचं ‘आपण पोचलो’ हे वाक्य. ती मुलं ते वाक्य खरं समजून बोलत होती आणि एकटीला माहीत होतं की ते खरं नाही. तिचा चेहरा फोटोत दिसत नाही तो त्यामुळे असावा.

या संदर्भात मला हेल्गा एस्टबी आठवते. नॉर्वेत जन्मलेली ही बाई वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनजवळ शेतावर राहायची. शेत गहाण पडलं होतं. १८९६ च्या मे महिन्यात ती थोरल्या मुलीला, क्लाराला, घेऊन न्यूयॉर्कला चालत निघाली, कारण कुणीतरी दहा हजार डॉलरची पैज लावली होती. दोघी खरोखर चालल्या, साधारण साडेतीन हजार मैल, बराचसा रस्ता रेल्वेच्या रुळांच्या कडेनं. खरंच चाललो हे दाखवायला वाटेतल्या बड्या लोकांच्या सह्या घेत गेल्या. डिसेंबरात न्यूयॉर्कला पोचल्या आणि मुदत टळली म्हणून पैसे मिळाले नाहीत. त्या घरापासून लांब असताना मागे दोन मुलं घटसर्पानं गेली. घरच्यांनी तिला त्याबद्दल माफ केलं नाही. पुढे तिनं आठवणी लिहून काढल्या होत्या, त्या तिच्या मृत्यूनंतर मुलींनी जाळल्या. म्हणजे एवढं चालून शेवटी पैसे नाहीत, कौतुक नाही आणि नोंदही जवळजवळ गेली. माझ्या कूपनाच्या हिशेबानं बघितलं तर तिची बेरीज शून्याच्या खाली येते. पण ती चालली नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.

मोजणं सोडूनच द्यावं का? तोही मार्ग आहे. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका शाळेनं २०१२ साली ‘डेली माइल’ सुरू केला. रोज पंधरा मिनिटं वर्गाबाहेर पडायचं, जमेल तसं पळायचं, शर्यत नाही. तो पुढे देशोदेशी पसरला. खोटं लिहायला जागाच नाही, म्हणून प्रश्नच नाही. पण मला ते पूर्ण उत्तर वाटत नाही. खोटं बोलता येत नाही अशा ठिकाणी खरं बोलल्याचं समाधानही मिळत नाही. शिवाय भाचीला नेब्रास्का किती लांब आहे हे आयुष्यभर लक्षात राहणार आहे, ते मोजल्यामुळेच.

तिला मी तीन पर्याय दिले. मी मागच्या दारानं आकडा कमी करतो, माझ्याकडे ॲडमिनचा हक्क आहे. नाहीतर बाईंना सांग. नाहीतर सोडून दे. पहिला तिला नको होता. वायोमिंगातून बूट मागे गेला तर सगळे विचारतील का, आणि चॉकलेट तर पिऊन झालंय. तिसराही नको. दुसऱ्यावर ती काही बोलली नाही. मग तिनंच चौथा काढला: तीन मैल चालायचे आणि लिहायचे नाहीत.

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या त्यानं शुक्रवारची बेरीज दुरुस्त होत नाही. शुक्रवारी तुम्ही तिथं नव्हता ते नव्हताच. तर म्हणे, माहितीये.

तीन मैल म्हणजे आजीच्या २४० फेऱ्या. तिनं त्या चार दिवसांत केल्या. आजीला कारण सांगितलं नाही, आजीनं विचारलं नाही, फक्त दोन वाट्या आणखी दिल्या आणि राजम्याऐवजी चवळी, म्हणजे दाणे एकमेकांत मिसळणार नाहीत. ताईनं चुकून एक व्हिडिओ पाठवला. पुढे आजी, मागे भाची, दोघी गोल फिरतायत, आणि भाची मध्येच थांबून मागे जाते, कारण कोपरा कापला होता.

बाईंना तिनं अजून सांगितलेलं नाही. मी दर रविवारी विचारत नाही, पण विचारावंसं वाटतं. वर्ग आता युटात आहे, हवा सुधारली आहे, बेरीज पुन्हा शंभराच्या वर जाते. बाईंनी मुलांना पायवाटेवर खडूनं आखून दाखवलं की खरा मैल किती लांब असतो. ते माझ्या पावलांच्या हिशेबामुळे झालं असेल तर मला आनंद आहे. शीटमधली कुलपं तशीच आहेत. उणे आकडा चालू करावा का, याचा मी दोनदा विचार केला आणि दोन्हीदा केला नाही. कारण काय ते मला नीट सांगता येणार नाही.

कूपनावर घेतलेले बूट अजून चांगले आहेत. तेच घालून मी सकाळी फिरायला जातो. तिला मी त्यांच्याबद्दल सांगितलेलं नाही.